तो मला मिळाला होता

बडोद्यात ‘गेट’ असं लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आधी दरवाजे येतात. लहेरीपुरा गेट, पाणीगेट, गेंडी गेट, चांपानेर गेट. जुन्या शहराचे हे चार दरवाजे आणि त्यांच्या मधोमध मांडवी. मला लिहायचं आहे ते मात्र दुसऱ्या गेटबद्दल. उच्चार आखूड, स्पेलिंग तीन अक्षरांचं, आणि इंग्रजीत सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत लागणारं हे क्रियापद. इंग्रज माणूस उठतो तेव्हा गेट, बसमध्ये चढतो तेव्हा गेट, घरी पोचतो तेव्हा गेट. त्याला पत्र येतं, सर्दी होते, राग येतो, विनोद कळतो, त्याचं लग्न होतं, तो म्हातारा होतो, सगळीकडे हाच शब्द.

मी बरीच वर्षं दांडिया बाजारात मुलांना इंग्रजी शिकवते. काही मुलं मराठी घरांतली, काही गुजराती. काळ, प्रयोग, शब्दयोगी अव्ययं हे सगळं ती पाठ करतात आणि निभावून नेतात. ‘गेट’पाशी मात्र हुशार मूलसुद्धा थांबतं आणि विचारतं, “टीचर, पण याचा अर्थ काय?” कोशात पाहिलं तर अर्थांची रांग लागलेली. मिळणे, मिळवणे, होणे, पोचणे, आणणे, समजणे, पकडणे. ती रांग खोटी नाही, पण तिच्यातला कोणता शब्द कधी घ्यायचा, हे रांग सांगत नाही. आणि मला वाटतं, भाषेचं खरं शिक्षण तिथूनच सुरू होतं.

इंग्रजीत असे छोटे, जुने, दणकट शब्द बरेच आहेत. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची दुसरी आवृत्ती 1989 साली निघाली, तीत ‘सेट’ या एका क्रियापदाचे 430 अर्थ होते. पुढे त्या कोशाची नव्याने तपासणी सुरू झाली आणि ‘रन’ने त्याला मागे टाकलं, त्या क्रियापदाचे 645 अर्थ नोंदले गेले. ‘गेट’ याच पंक्तीतला. तो मुळात इंग्लंडचाही नाही. उत्तरेकडून समुद्रावरून येऊन तिथे वसलेल्या व्हायकिंग लोकांच्या भाषेतला हा शब्द. इंग्रजीत त्याचं नातेवाईक क्रियापद होतं, पण ते बहुतेक जोडशब्दांतच राहत असे. ‘फरगेट’ त्यातलाच. हातात आलेलं सुटून जाणं म्हणजे विसरणं. हे कळलं तेव्हा मला त्या शब्दाबद्दल फार आपुलकी वाटली.

शाळांमध्ये मात्र या शब्दाला मान नाही. निबंधात ‘गेट’ दिसला की त्याखाली लाल रेघ येते आणि मुलांना पर्याय दिले जातात: ऑब्टेन, रिसीव्ह, अक्वायर. हे सगळे लॅटिनमधून फ्रेंचच्या वाटेने आलेले भारदस्त शब्द. समानार्थी शब्द म्हणून ते एका ओळीत लिहिले जातात, पण प्रत्येकाची चाल वेगळी. रिसीव्ह करणारा स्वस्थ बसलेला असतो, दुसरा कोणी त्याच्या हातात देतो. अक्वायर करणारा धडपडतो. त्या शब्दाच्या पोटात शोध घेणं आहे. ऑब्टेनला अर्ज, परवानगी, शिक्का यांचा वास येतो. एकाच्या जागी दुसरा बसवला की वाक्य शुद्ध राहतं आणि माणूस बदलतो.

मराठी मुलाला हे इंग्रजीतून समजावण्याची गरज नाही, त्याच्या घरातच ते आहे. सरकारी पत्रात “आपला अर्ज प्राप्त झाला” असं असतं. सर्दी मात्र कोणालाही प्राप्त होत नाही. जुन्या पत्रांची सुरुवात पाहा: “पत्र पावले, मजकूर समजला.” हे ‘पावणे’ आणि ते ‘प्राप्त’ एकाच संस्कृत धातूची लेकरं. एक घरात वाढलं आणि एक कचेरीत. घरातल्याला आता फार कामं उरलेली नाहीत. नवसाला देव पावतो, दुकानदार पावती देतो, कोणी मृत्यू पावतं. तरी त्याच्यातला ओलावा गेलेला नाही. ‘देव प्राप्त झाला’ आणि ‘देव पावला’ यांत जे अंतर आहे ते कुठल्याही कोशाच्या रांगेत दिसत नाही.

इंग्रज जिथे जिथे ‘गेट’ म्हणतो तिथे मराठी काय म्हणते, हे मी मुलांकडून गोळा करवून घेते. त्यांनी आणलेल्या वाक्यांचा नुसता ढीग पाहिला तरी मन भरतं. बाबांना नोकरी लागते, पगार मात्र होतो. आजीला लॉटरी लागते. ताप येतो, सर्दी होते, खोकला लागतो आणि दमा जडतो. शाळेला सुट्टी लागते, पण ऑफिसात सुट्टी मिळते, कारण तिथे कोणीतरी ती देणारं बसलेलं आहे. मार बसतो, पडतो किंवा आपण तो खातो, बोलणीही खातो. शिक्षा होते. सवय लागते ती बहुधा वाईट. चांगली गोष्ट अंगवळणी पडते. सकाळी आई विचारते, “आवरलं का?” या एका ‘आवरलं’मध्ये आंघोळ, वेणी, दप्तर, डबा सगळं आलं. इंग्रजी आईला त्यासाठी गेट आणि रेडी असे दोन शब्द लागतात, आणि दोन्ही मिळून ‘आवरणं’ होत नाही.

मिळणं म्हणजे जे मिळतं त्यातही किती तऱ्हा. हरवलेली वस्तू सापडते, चोरही सापडतो. गायकाला सूर गवसतो, कारण सूर कुठे ठेवून विसरलेला नसतो. शोधताना तो अचानक हाताशी येतो. गुरू लाभतात, दीर्घायुष्य लाभतं, सहवास लाभतो. ज्याची किंमत मोजता येत नाही आणि जे मागून आणता येत नाही, त्याच्यासाठी ‘लाभणे’ राखून ठेवलेलं आहे. वाटणीत भांडून भांडून शेवटी जे येतं ते पदरात पडतं. आणि पोलिसांच्या हाती धागेदोरे लागतात. हे सगळे शब्द समानार्थी म्हणून परीक्षेत लिहून दिले तर पैकीच्या पैकी गुण मिळतील. पण “मला सूर सापडला” म्हणणाऱ्या माणसाचा सूर मला संशयास्पद वाटेल.

यातली बहुतेक वाक्यं ‘मी’पासून सुरू होत नाहीत. ‘मला’पासून सुरू होतात. मला पत्र आलं, मला कळलं, मला भूक लागली, मला उशीर झाला. इंग्रजीत माणूस पुढे उभा राहतो आणि पत्र, भूक, उशीर हे सगळं तो घेतो. मराठीत ते त्याच्याकडे येतं. हे फक्त मराठीत आहे असं नाही. गुजरातीत ‘मने’ आहे, हिंदीत ‘मुझे’. आपल्या भाषा भोगणाऱ्याला आणि करणाऱ्याला वेगवेगळ्या विभक्तीत बसवतात. यावरून आपण लोक दैववादी आणि ते लोक कर्तृत्ववान असा निष्कर्ष काढणारे लेख मी वाचले आहेत. मला तो निष्कर्ष मुळीच पटत नाही. मराठीला कर्तृत्व सांगायचं असतं तेव्हा ती ‘मिळवलं’ म्हणते, ‘कमावलं’ म्हणते, ‘पटकावलं’ म्हणते, ‘घर रंगवून घेतलं’ म्हणते. काय आपण केलं आणि काय आपल्या वाट्याला आलं, हे ती दर वाक्यात वेगळं करून सांगते, इतकंच. इंग्रजी तो निवाडा ऐकणाऱ्यावर सोडते.

आणि कधी कधी तो निवाडा फार महत्त्वाचा असतो. एका दिवाळीच्या सुट्टीनंतर एका मुलीने इंग्रजीत लिहिलं होतं की तिला आजोळी जायला ‘गॉट’. मी तिला विचारलं, तुला जायला मिळालं की जावं लागलं? ती हसली आणि म्हणाली, “मला मिळालं, दादाला लागलं.” दादाची परीक्षा जवळ आली होती, त्याला घरी राहून अभ्यास करायचा होता. तेच गाव, तीच गाडी, तेच आजीचं घर. इंग्रजीत दोघांनाही ‘गेट’ पुरतो, फक्त दादाच्या वाक्यात त्याआधी ‘हॅव’ची एक पुसटशी खूण येते आणि बोलताना तीही गिळली जाते. संधी आणि सक्ती यांच्यामध्ये एवढीच भिंत. मराठीत दोन क्रियापदं आहेत, मिळणे आणि लागणे, आणि चार वर्षांचं मूलसुद्धा त्यांत गोंधळत नाही. “मला भात खावा लागला” असं म्हणताना त्याचा चेहरा आपोआप वाकडा होतो.

हे झालं सर्व मराठी लोकांचं. आम्हा बडोदेकरांचं याहून एक वेगळं आहे, आणि त्यासाठीच मी हे लिहायला घेतलं.

आमच्याकडे माणूस मिळतो. “काल कमाटी बागेत देशपांडेकाका मिळाले होते.” “तू त्याला मिळून आलास का?” “चला, मिळू मग रविवारी.” महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्यांच्या भुवया इथे वर जातात. पुण्याची माझी आत्या हे ऐकून दरवेळी म्हणायची, “मिळायला तो काय वस्तू आहे? वस्तू मिळते, माणूस भेटतो.” नियम म्हणून तिचं बरोबर होतं. आजच्या प्रमाण मराठीत ही वाटणी पक्की आहे. ती मोडण्याचा दोष फक्त आमच्यावर येत नाही. महाराष्ट्रातच कितीतरी जण “पुस्तक भेटलं”, “पैसे भेटले” असं म्हणतात आणि त्यांचीही थट्टा होते. ते वस्तूला भेटतात, आम्हाला माणसं मिळतात.

आमच्या ‘मिळाला’मागे गुजराती आहे, हे उघड आहे. गुजरातीत ‘मळवुं’ या एका क्रियापदात भेटणंही आहे आणि मिळणंही. टपाल मळतं, मित्र मळतो, निरोप घेताना “मळीशुं” म्हणतात. रावपुऱ्यात, खंडेराव मार्केटात, शेजारच्या ओट्यावर दिवसभर ते कानावर पडतं. सेव-उसळीच्या गाडीवर आमची उसळ त्यांच्या जिभेवर गेली, तसं त्यांचं ‘मळवुं’ आमच्या जिभेवर आलं. पण उसन्या शब्दाला भाषेत जागा मिळायला आधी तशी जागा असावी लागते. मराठीत ती होती. संस्कृतातला ‘मिल्’ हा धातूच मुळी एकत्र येण्याचा, जुळण्याचा आहे. नदी समुद्राला मिळते. सगळे मिळून जेवायला बसतात. मेळ, मेळा, मेळावा ही सगळी त्याचीच माणसं. शत्रूला जाऊन मिळालेला सरदार आपल्याला इतिहासाच्या पुस्तकात दर दोन पानांनी आढळतो, आणि तो काही वस्तू नव्हता. म्हणजे आधी भेट आली, लाभ मागाहून आला. जे आपल्याला येऊन मिळालं ते आपलं झालं. बडोद्याचं मराठी शेजाऱ्याच्या संगतीने त्या जुन्या अर्थाशी पुन्हा जाऊन पोचलं असं मी मानते, आणि आत्याशी मी हे पुष्कळदा बोलले आहे. तिने ते कधी मान्य केलं नाही.

असंच काहीसं इंग्रजीत ‘गेट’च्या बाबतीत घडलेलं आहे. बडोद्यातून अमेरिकेला गेलेली मुलं परत येतात ती ‘गॉटन’ म्हणत. त्यांना इथले जुने शिक्षक टोकतात, कारण इंग्लंडच्या शिस्तीत ‘गॉट’ हेच रूप. पण ‘गॉटन’ हे जुनं रूप आहे. इंग्लंडमधून गेलेल्या लोकांनी ते समुद्रापलीकडे जपलं आणि इंग्लंडने घरी सोडून दिलं. तिथे ते आता ‘फरगॉटन’सारख्या शब्दांत तेवढं उरलं. घरापासून दूर गेलेली भाषा बिघडते, असं आपण फार लवकर म्हणून टाकतो. दूर गेलेली भाषा कधी कधी आजीचे दागिने सांभाळून असते.

भेटणे आणि लाभणे या दोन शब्दांना मराठीत एकाच प्रार्थनेत किती नेमकी जागा मिळाली आहे, ते पसायदानात पाहावं. “जो जे वांछील तो ते लाहो” यातला ‘लाहो’ म्हणजे लाभो. लगेच पुढच्याच ओवीत ‘भेटतु भूतां’ येतं. ईश्वरनिष्ठांची मांदियाळी सर्व प्राणिमात्रांना भेटत राहो. वस्तू असो, इच्छा असो, ती लाभावी. सज्जन भेटावेत. इंग्रजी अनुवाद करणाऱ्याला एका ठिकाणी ‘ऑब्टेन’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘मीट’ घ्यावा लागेल, आणि दोन्ही थोडे कोरडे पडतील. 1290 साली मराठीला हे अंतर इतकं स्पष्ट होतं, हे वाचताना मला दरवेळी नवल वाटतं. आणि तरीही बडोद्याच्या ‘मिळाला’ला मी चूक म्हणणार नाही. भाषेत दोन सुरेख वाटा एकाच वेळी असू शकतात.

शब्दांची अशी उठाठेव करायला बडोद्याइतकं योग्य गाव नाही. सयाजीराव महाराजांच्या राज्यात 1931 साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ नावाचा कोश निघाला. राज्यकारभारातला इंग्रजी शब्द घ्यायचा आणि त्यापुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली अशा भाषांतले प्रतिशब्द मांडायचे, म्हणजे त्यांतून कारभाराला योग्य शब्द निवडता येईल. राजा मराठी, बहुसंख्य प्रजा गुजराती, कायद्याची घडण इंग्रजी. अशा राज्यात कोणीतरी बसून हे काम करणं हीच मोठी गोष्ट. माझा त्या कोशाबद्दलचा आदर कधी कमी झालेला नाही. पण तो कारभाराचा कोश. खात्यांची, हुद्द्यांची, कागदपत्रांची नावं ठरवून देता येतात. ‘गेट’सारख्या क्रियापदाला दरबारातून प्रतिशब्द नेमून देता येत नाही. तो ओट्यावर, बाजारात, स्वयंपाकघरात ठरतो, आणि गल्ली बदलली की बदलतो.

याच गावात 1894 साली माधव ज्यूलियन जन्मले. फारसीचे मोठे जाणकार. 1925 साली त्यांचा फार्शी-मराठी कोश आला. गझल मराठीत रुजवली ती त्यांनी, आणि पुढे भाषाशुद्धीचा कैवार घेऊन मराठीतले परके शब्द बाजूला सारावेत असा आग्रहही त्यांनीच धरला. एका माणसाच्या आयुष्यात ही दोन टोकं कशी नांदली असतील याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्यांची शुद्धीची बाजू मला पटत नाही, पण ज्याला परक्या शब्दाची गोडी खोलवर माहीत आहे त्यानेच तो सोडायचा निर्णय घेतला, याचं मोल वेगळं आहे. मिळण्याच्या कुळात फारसीच्या वाटेने आलेला एक शब्द आहे, ‘हशील’. मूळ अरबी, हासिल. हिंदीत तो मिळवण्याच्या अर्थाने सुखात आहे. मराठीत मात्र त्याच्या वाट्याला नकारच आला: “आता बोलून काय हशील?” हा प्रश्न मराठीतून काढून टाकला तर त्याच्या जागी ‘उपयोग’ येईल, ‘फायदा’ येईल. हताश माणसाचा उसासा ‘हशील’मध्येच आहे.

मुलांसाठी मी गेल्या काही दिवसांत एक वही सुरू केली आहे. तीत इंग्रजीतलं वाक्य, त्याखाली पुण्याचं मराठी, त्याखाली आमच्या गल्लीचं मराठी आणि शेवटी गुजराती. ‘गेट’ची पानं संपता संपत नाहीत. किल्ली शोधणाऱ्या शेजारणीला आपण विचारतो, “सापडली का?” तिची सासू विचारते, “जडी?” गुजरातीत ‘जडवुं’ म्हणजे सापडणं. मराठीत जडतं ते चिकटतं: रोग जडतो, प्रीती जडते. दोन्ही घरांतली मुलं दोन्ही अर्थ सांभाळतात, आणि कोणत्या ओट्यावर कोणता वापरायचा हे त्यांना सांगावं लागत नाही.

सध्या वहीत ‘फावणे’ चालू आहे. महाराष्ट्रात “त्याचं चांगलंच फावलं” म्हटलं की त्यात थोडा ठपका असतो; कोणाचं लक्ष नव्हतं, याने संधी साधली. इंग्रजीत याला ‘गेट अवे’ लागेल. गुजरातीत ‘फाववुं’ला असा डाग नाही. तिथे ते जमणं आहे, सोयीचं होणं आहे, हात बसणं आहे. आणि आमच्या घरांत तेच आलं. नाशिकहून लग्न होऊन आलेल्या शेजारच्या सुनेला सासूने पहिल्या आठवड्यात विचारलं, “इथे फावतंय ना तुला?” ती बिचारी रात्री नवऱ्याला विचारत होती की आपलं काय चुकलं. सासूला म्हणायचं होतं, रुळलीस ना, जीव रमला ना, सगळं जमतंय ना. या सगळ्याला मिळून इंग्रजीत काय म्हणावं, हे मी मुलांना विचारलं आहे. एकाने ‘गेटिंग ऑन’ लिहून आणलं, एकाने ‘गेटिंग यूज्ड टू इट’. दुसऱ्यात सवय आहे, पण सुख नाही. पहिलं जास्त जवळचं वाटतं. सूनबाईंनाच विचारा, असं मुलांचं म्हणणं पडलं. तर ती म्हणाली की आता तिला फावतं, पण नाशिकला फोनवर आईशी बोलताना ती अजून ‘जमतंय’ असंच सांगते.